नोंदीला दोन वेळा असतात: गांधीहत्या खटल्याचे पोलिसी कागद वाचताना

दिल्लीच्या तुघलक रोड पोलीस ठाण्यात ३० जानेवारी १९४८ला नोंदवलेल्या फिर्यादीत गोळ्या झाडणाऱ्याचं नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असं आहे. नथुराम नाही, नारायण. फिर्याद उर्दूत आहे, फिर्यादी नंदलाल मेहता, वेळ संध्याकाळी पावणेसहा. गांधीजींच्या सोबत चालणाऱ्या मनूचं नाव त्यात ‘सन्नो’ झालंय. शेवटचे शब्द ‘राम-राम’ असे लिहिलेत.

आता एवढ्यावरून दोन प्रकारची माणसं दोन टोकांना पळतात. एक म्हणतात, बघा, पोलिसांना नावसुद्धा धड माहीत नव्हतं, म्हणजे सगळाच बनाव. दुसरे म्हणतात, क्षुल्लक चूक आहे, सोडा. माझा अनुभव असा की यातलं काहीच करायचं नसतं. फिर्यादीतच लिहिलंय की हल्लेखोराचं नाव ‘मागाहून कळलं’. म्हणजे मेहतांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला, पण नाव गर्दीत कुणाकडून तरी कानांनी ऐकलं, आणि ते तिसऱ्याच माणसाने घाईत उर्दू लिपीत उतरवलं. एकाच कागदात तीन दर्जाची माहिती आहे. ती वेगळी काढता आली की निम्मं काम झालं.

दर ३० जानेवारीला दादर-माटुंग्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘खरी टाइमलाइन’ नावाचे मेसेज फिरतात. ते खरे की खोटे हे प्रत्येक वेळी कुणी तरी सांगावं लागतं. त्यापेक्षा आपलं आपण तपासता यावं म्हणून मी स्वतः जसं करत गेलो तसं लिहितो आहे. उदाहरण याच खटल्याचं घेतलंय, कारण त्यातला सगळ्यात वादग्रस्त आठवडा मुंबईत घडला.

आधी कागदाची जात ओळखा

‘पोलीस रेकॉर्ड’ असं एकच काही नसतं. फिर्याद म्हणजे एफआयआर, ही पहिली खबर. पोलिसांना कळलं केव्हा आणि कुठल्या शब्दांत कळलं, एवढंच ती सांगते. तिच्यावरून संपूर्ण घटना उभी करू नका. पंचनामा पंचांसमोर झालेला असतो. काय सापडलं, कुठे सापडलं यासाठी तो उपयोगी. मुद्देमालाची यादी त्याच्याच घरातली. या खटल्यातल्या बेरेटा पिस्तुलाचा नंबर ६०६८२४ हा असा कागदावर नोंदलेला आकडा आहे. त्याला मत नसतं.

जबाब मात्र जपून. तपासात पोलिसांनी घेतलेला साक्षीदाराचा जबाब हा कोर्टातल्या साक्षीसारखा पुरावा नसतो. त्यावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. आरोपीने पोलिसांसमोर दिलेली कबुली तर १८७२च्या पुरावा कायद्यापासून कोर्टात चालत नाही. इतिहास वाचणाऱ्याला ती वाचायला हरकत नाही, फक्त शेजारी ‘पोलिसांसमोर’ असं लिहून ठेवावं.

आणि केस डायरी. सगळे वाद इथून उगवतात. तपास अधिकाऱ्याने रोजच्या रोज लिहायची असा कायदा आहे. कोर्ट ती मागवून बघू शकतं, पण पुरावा म्हणून वापरू शकत नाही, आणि आरोपीला ती सहसा मिळत नाही. अधिकाऱ्याला स्वतःचा बचाव करायची वेळ आली की तो याच डायरीकडे बोट दाखवतो. म्हणून डायरीतल्या नोंदीला मी नेहमी एक प्रश्न विचारतो: ही त्याच रात्री लिहिली, की नंतर? शाई, पानांचा क्रम, आधीच्या-पुढच्या नोंदींशी जुळणी हे बघायला मूळ कागद हातात लागतो. छापील प्रतीवरून ते कळत नाही. तेव्हा छापील प्रत वाचून ‘डायरी खोटी’ किंवा ‘डायरी खरी’ असं ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वही आखताना

शाळेची दोनशे पानी वही पुरते. पाच रकाने: घटना केव्हा घडली, नोंद केव्हा झाली, कोणी लिहिली, त्याला कुठून कळलं, आणि कागद कोणता. बहुतेक लोक फक्त पहिला रकाना भरतात. सगळा घोळ दुसऱ्यात असतो.

उदाहरणार्थ, १९४८च्या जानेवारीबद्दल मुंबईच्या अधिकाऱ्यांनी काय केलं याची बरीचशी तपशीलवार माहिती आपल्याला मिळते ती हत्येच्या कटाची पुन्हा चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाच्या अहवालातून. आयोग १९६६मध्ये त्यांच्याकडे आला, अहवाल १९६९चा. त्याचं निमित्त १९६४च्या नोव्हेंबरातलं. शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी पुण्यात एक कार्यक्रम झाला, आणि त्यात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकरांनी, आपल्याला हत्येच्या बेताची आधीच कल्पना होती, असं सांगितलं. म्हणजे साक्षी झाल्या त्या वीस वर्षांनी. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि ४०७ कागद पाहिले. हा खजिना आहेच. पण त्यातली १९४८ची आठवण १९६८च्या तोंडून येते, आणि मधल्या काळात प्रत्येकाने दुसऱ्याची साक्ष, पेपरातली बातमी, कधी कधी पुस्तकंही वाचलेली असतात. वहीत ‘घटना २२ जानेवारी १९४८’ लिहिलं की शेजारी ‘नोंद: १९६७-६८, आयोगासमोर’ हे लिहायला विसरू नका. पेन्सिलीने लिहा. अभिलेखागारात शाईचं पेन तसंही चालत नाही.

घड्याळ कोणतं?

हे मी एका जुन्या लग्नपत्रिकेवरून शिकलो. आजोळच्या ट्रंकेत सापडलेल्या त्या पत्रिकेवर मुहूर्तापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ असं छापलेलं होतं. स्टँडर्ड टाइम. तेव्हा मुंबईत दोन वेळा चालायच्या. रेल्वे आणि देशभरचा कारभार स्टँडर्ड टाइमवर, शहरातले लोक मात्र ‘बाँबे टाइम’वर, जो ३९ मिनिटं मागे होता. हा प्रकार १९५५पर्यंत चालला. त्यातही दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ देशाचं घड्याळ तासभर पुढे केलेलं होतं.

म्हणून १९४८च्या मुंबईतल्या एखाद्या माणसाने ‘साडेसातच्या सुमाराला’ म्हटलं तर आधी विचारायचं, कुठल्या साडेसातला? गाडीची वेळ असेल तर स्टँडर्ड. विमानाची, ट्रंक कॉलची (एक्स्चेंजमार्फत लावलेल्या परगावच्या फोनची) असेल तर बहुधा स्टँडर्ड. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून सांगितलेली वेळ असेल तर काही भरवसा नाही. दोन साक्षींत पाऊण तासाच्या आतबाहेरचा फरक दिसला की ‘कोणीतरी खोटं बोलतंय’ असा निष्कर्ष काढण्याआधी हे ३९ मिनिटांचं गणित करून बघा. प्रत्येक फरक यातून सुटत नाही, हेही खरं.

दिल्लीत ही भानगड नव्हती, तरी तिथेही घड्याळं जुळत नाहीत. फिर्यादीप्रमाणे गांधीजी खोलीतून निघाले ते पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. तिथे हजर असलेले अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीअन यांच्या घड्याळात ते दिसले तेव्हा पाच बारा झाले होते. गोळ्या झाडल्याची आपल्या डोक्यात बसलेली वेळ पाच सतरा. प्रार्थनेला नेहमीपेक्षा उशीर झाला, कारण सरदार पटेलांशी बोलणं लांबलं, एवढं सगळ्यांना मान्य आहे. उरलेल्या पाच-सात मिनिटांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी १९४८ची चावीची मनगटी घड्याळं कधी वापरलेली नसावीत.

नावं

खटल्यातले एक आरोपी विष्णु करकरे हे अहमदनगरचे. दिल्लीच्या कागदात ते ‘किरक्री’ झाले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे चालवत त्या पुण्याच्या दैनिकाचं आधीचं नाव ‘अग्रणी’, १९४७मध्ये ते ‘हिंदू राष्ट्र’ झालं. हत्येच्या दहा दिवस आधी दिल्लीत पकडलेल्या मदनलाल या आरोपीच्या बोलण्यात आणि दिल्लीच्या नोंदीत ते कुठे ‘राष्ट्रीय’, कुठे ‘हिंदू राष्ट्रीय’. पंजाबी निर्वासिताने ऐकलेलं मराठी नाव, उर्दूत लिहिणाऱ्या पोलिसाने टिपलेलं, मग इंग्रजीत टाइप झालेलं. आपण मराठी वाचक इथे फायद्यात असतो, कारण ‘किरक्री’ वाचताक्षणी आपल्याला करकरे दिसतात. दिल्लीच्या अधिकाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर नावांची एक वेगळी यादी ठेवा: कागदात कसं आहे, खरं काय. आरोपींनी घेतलेली खोटी नावंही त्यातच. गोडसे-आपटे १७ जानेवारीला मुंबईहून दिल्लीला विमानाने गेले ते करमरकर आणि मराठे म्हणून, तिथल्या मरिना हॉटेलात राहिले ते देशपांडे म्हणून, आणि २७ तारखेच्या विमानात ते ‘डी. नारायण’ आणि ‘एन. विनायकराव’ होते. लपायचंय तरी स्वतःच्याच नावाचे तुकडे वापरायचे, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलंय.

आता प्रत्यक्ष: २० ते २७ जानेवारी

वहीत आठ पानं सोडा, दिवसाला एक.

२० जानेवारीला दिल्लीत गांधीजी राहत होते त्या बिर्ला हाउसच्या आवारात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागेवरच पकडला गेला. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढे: मुंबईला काय कळलं, आणि केव्हा.

२१च्या पानावर दोन वेगळे प्रवाह लिहा, एकमेकांत मिसळू न देता. पहिला मुंबईतूनच निघतो. रुइया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी सकाळच्या पेपरात स्फोटाची बातमी वाचली. मदनलाल त्यांच्या ओळखीचा होता, त्याने आधी त्यांच्याशी बेताबद्दल बढाया मारल्या होत्या. जैन सचिवालयात गेले, पंतप्रधान बाळासाहेब खेरांना आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. जुन्या कागदात ‘पंतप्रधान’ वाचून नेहरू समजू नका.) त्या रात्री मोरारजींना अहमदाबादची गाडी पकडायची होती. त्यांनी स्पेशल ब्रँचचे डेप्युटी कमिशनर जे. डी. नगरवाला यांना बाँबे सेंट्रल स्टेशनवरच बोलावलं, ऐकलेलं सांगितलं, करकरेंना पकडायला आणि सावरकर सदनावर नजर ठेवायला सांगितलं. माहिती कुणाकडून आली हे मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत त्यांनी पटेलांच्या कानावर घातलं.

इथे जरा थांबा. चौथ्या रकान्यात काय लिहाल? नगरवालांना जे कळलं ते मदनलालकडून जैन, जैनांकडून मोरारजी, मोरारजींकडून प्लॅटफॉर्मवर, असं तिसऱ्या तोंडून. आणि जैनांचं नावच माहीत नसल्यामुळे त्यांना उलट जाऊन विचारता येत नव्हतं. पुढे जैन आणि मोरारजी यांच्या सांगण्यात तपशिलाचे फरक पडले. दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं तरी ते पडलेच असते.

दुसरा प्रवाह दिल्लीहून. दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी विमानाने मुंबईला निघाले आणि २२ तारखेला नगरवालांना भेटले. ही भेट झाली हे दोन्ही बाजू कबूल करतात. दिल्लीवाल्यांचं म्हणणं, आम्ही पुण्याच्या वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला होता. नगरवालांचं म्हणणं, करकरेंखेरीज कुठलंही नाव मला सांगितलं नाही. संपादक हा शब्द उच्चारला गेला असेल, तर पुणं एका फोनवर होतं. मुंबई सरकारकडे वर्तमानपत्रांची यादी होती आणि तीत संपादक नथुराम गोडसे, मालक नारायण आपटे अशी नोंद होती. पण तो शब्द उच्चारला गेला का, हे ठरवायला आपल्याकडे एका बाजूची डायरी आणि दुसऱ्या बाजूचा नकार आहे. दोन्ही लिहा. एकाखाली एक. कुणाच्या बाजूने बाण काढू नका.

हे दिल्लीवाले फार काही हाती न लागता परत गेले. नगरवालांच्या डोक्यात मात्र तोवर वेगळंच चित्र तयार झालं होतं: गांधीजींना मारायचं नसून पळवून न्यायचंय. आयोगाने पुढे या पळवण्याच्या तर्कावर टीका केली. पण आपल्या वहीत तो तर्क जपून लिहा, कारण २२ ते ३० तारखांच्या दरम्यान मुंबई पोलिसांनी कुठे नजर ठेवली आणि कुठे नाही हे त्याच्याशिवाय कळत नाही. अधिकाऱ्याला तेव्हा काय वाटत होतं हीसुद्धा एक घटनाच असते.

२५ तारखेचं पान सगळ्यात अस्वस्थ करणारं. पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी यू. एच. राणा त्या वेळी दिल्लीत होते. मदनलालच्या सविस्तर जबाबाची प्रत त्यांना मिळाली. ती घेऊन ते रेल्वेने, अलाहाबादमार्गे मुंबईला निघाले आणि २७ला पोचले. आता २७च्या पानावर दुसरी नोंद: त्याच दिवशी गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, मग पुन्हा दिल्ली.

हे दोन प्रवास शेजारी मांडले की कुणाचाही हात थरथरतो. पण थरथरत्या हाताने ‘मुद्दाम’ हा शब्द लिहू नका. कागदात आहे ते ‘रेल्वेने, अलाहाबादमार्गे’. ‘मुद्दाम’ हा आपला शब्द आहे. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९च्या निकालात लिहिलं ते २० ते ३० जानेवारीच्या तपासातल्या ढिलाईबद्दल. ढिलाई हा न्यायाधीशांचा शब्द. कट हा शब्द त्यांनी आरोपींसाठी वापरला, पोलिसांसाठी नाही.

मुके कागद

कुणाच्या स्मरणाची गरज नसलेले कागद मला सर्वांत आवडतात. विमानाच्या प्रवाशांची यादी. हॉटेलचं रजिस्टर. धोब्याची खूण. मरिना हॉटेलात मागे राहिलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी खूण सापडली होती. आरोपींचे मुंबईतले मुक्काम असे: मरीन ड्राइव्हचं सी ग्रीन हॉटेल, सँडहर्स्ट रोडचा आर्य पथिकाश्रम, कार्नाक रोडची एल्फिन्स्टन अ‍ॅनेक्स, आणि १४ फेब्रुवारीला जिथे आपटे-करकरे पकडले गेले ते पायर्कीज अपोलो. हे सगळे मुक्काम मुंबईच्या आजच्या नकाशावर मांडून बघा. कार्नाक रोड आता लोकमान्य टिळक मार्ग आहे, तेव्हा जुन्या नावांची यादी इथेही लागेल. एका रविवारी सकाळी क्रॉफर्ड मार्केटपासून अपोलो बंदरापर्यंत चालत गेलं तर कळतं की सगळा प्रकार केवढ्याशा टापूत घडला, आणि पोलिसांचं मुख्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर, म्हणजे त्या टापूच्या आतच होतं.

मुक्या कागदाची मर्यादाही समजून घ्या. १९ जानेवारीला सकाळी दिल्लीच्या हिंदू महासभा भवनातून मुंबईच्या सावरकर सदनात ट्रंक कॉल झाला, ही नोंद एक्स्चेंजची. फोन लागला, एवढं ती सांगते. बोललं कोण, काय बोललं, याबद्दल ती गप्प आहे. ग्रुपवरचे मेसेज नेमकं तेच ‘ऐकवतात’.

न्यायालय एक, आयोग एक

हा भाग जपून, कारण भांडणं इथे होतात. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने १४ आणि १७ जानेवारीच्या सावरकर सदनातल्या भेटी सांगितल्या. न्यायालयाने त्याला स्वतंत्र दुजोरा मागितला. तो सावरकरांपुरता मिळाला नाही आणि ते निर्दोष सुटले. माफीच्या साक्षीदाराबाबत हा नेहमीचा नियम आहे, मेहेरबानी नव्हे. पुढे आयोगाने सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे मार्च १९४८मधले मुंबई पोलिसांसमोरचे जबाब पाहिले आणि वेगळ्या दिशेचं मत नोंदवलं. पण ते दोघे खटल्यात साक्षीला उभे केले गेले नव्हते, त्यांची उलटतपासणी झाली नव्हती, आणि अहवाल आला तेव्हा सावरकर हयात नव्हते. न्यायालयाचा निकाल शिक्षेसाठी असतो, आयोगाचं मत माहितीसाठी. वहीत दोन्हींना वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरा. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या रकान्यात गेला की तुमची वही कोणत्या तरी बाजूचं पत्रक झाली म्हणून समजा.

‘चौथ्या गोळी’चं थोडक्यात. पेपरांत चार गोळ्या छापून आल्या, फिर्यादीत तीन आहेत. मुंबईतल्या एका याचिकाकर्त्याने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने वकील नेमून कागद तपासून घेतले आणि मार्च २०१८मध्ये याचिका फेटाळली. आवाज ऐकणाऱ्याने मोजलेल्या गोळ्या आणि पंचनाम्यात मोजलेल्या गोळ्या या वेगळ्या रकान्यातल्या गोष्टी आहेत.

मुंबईत कुठे बसायचं

आयोगाच्या अहवालाच्या प्रती इंटरनेटवर मिळतात. तिथूनच सुरुवात करा, पण सलग वाचू नका. वेड लागेल. प्रकरणांची नावं बघून ‘मुंबईतला तपास’ आधी घ्या. अभिलेख पटल या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पोर्टलवर शोधताना ‘करकरे’ इंग्रजीत चार-पाच प्रकारे टाइप करा.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. ओळखपत्र, अर्ज आणि भरपूर सबुरी घेऊन जा. मागितलेली फाइल त्याच दिवशी येईलच असं नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि टाउन हॉलच्या एशियाटिकमध्ये जुने अंक बघता येतात. २१ ते ३१ जानेवारीचे अंक वाचताना बातमीच्या डोक्यावरचं गाव आणि तारीख आधी टिपा, कारण २१च्या अंकातली बातमी २०ची असते आणि टपाल आवृत्तीत ती आणखी जुनी.

माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर ‘गांधीहत्येची सर्व कागदपत्रं द्यावीत’ असं लिहू नका, उत्तर ‘उपलब्ध नाही’ हेच येणार. एकच कागद, त्याची तारीख, कुठल्या शाखेचा, असं मागा. वीस वर्षांपेक्षा जुन्या माहितीसाठी कलम ८(३)चा उल्लेख करा. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद वगळता बहुतेक अपवाद तिथे लागू होत नाहीत. आणि कागद अभिलेखागाराकडे वर्ग केला असेल तर कोणत्या पत्राने, तो जावक क्रमांक द्या, असंही लिहा. पुष्कळदा फाइल मिळत नाही, पण ती कुठे गेली तो क्रमांक मिळतो, आणि पुढचा अर्ज त्यावर करता येतो.

माझ्या वहीत २२ जानेवारीच्या पानावर अजून त्याच दोन ओळी आहेत. वरची दिल्लीची, खालची मुंबईची. मधे मी दोन बोटं जागा सोडलेली आहे.